तीज, क्यूआर कोड आणि आपण

आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं कन्नड तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या शाळेत प्रोजेक्टर बसवायला निघाली, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर गेलो. संगणक विभागात शिकवतो, त्यामुळे वायरी कुठून न्यायच्या आणि पडदा कुठे टांगायचा एवढं सांगायला. जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा, दोन गुरुजी, आणि मुलं जवळजवळ सगळी बंजारा समाजाची. दुपारपर्यंत काम झालं. उद्घाटन वगैरे काही नव्हतं. गुरुजी म्हणाले, "सर, एक धडाच दाखवू या की."

धडा होता बियांच्या अंकुरणाचा. पडद्यावर काचेची वाटी आली, त्यात कापूस आणि कापसावर मूग. निवेदिका अगदी स्वच्छ मराठीत समजावून सांगत होती. चित्र सुंदर होतं, आवाज सुंदर होता, आमची मुलं खूश होती. धडा संपल्यावर गुरुजींनी विचारलं, "बी रुजायला काय काय लागतं?" वर्ग गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. एका पोराने घाबरत "कापूस" असं उत्तर दिलं.

मग गुरुजींनी प्रश्न बदलला. "तीजेला गहू कशात पेरता गं?"

आणि वर्गाला एकदम कंठ फुटला! श्रावणात बंजारा समाजातल्या कुमारिका टोपल्यांमध्ये गहू पेरतात, रोज पाणी घालतात, टोपल्यांभोवती गाणी म्हणतात आणि शेवटच्या दिवशी ते अंकुर वाजतगाजत पाण्यात सोडतात. हा त्यांचा तीजेचा सण. तिसरीतल्या एका मुलीने सांगितलं, की तिच्या टोपलीत मागच्या वर्षी पाणी जास्त झालं, ते खाली निघालंच नाही आणि गहू कुजला. तिला ताईचा मार बसला. गुरुजींनी विचारलं, "पाणी तर भरपूर होतं, मग का नाही रुजला?" ती थोडा वेळ विचार करत राहिली आणि म्हणाली, "त्याला वारा लागला नाही."

बीजाला पाणी, ऊब आणि हवा लागते. यातली हवा पडद्यावर सांगूनही कोणाला कळली नव्हती. ती कळली कुजलेल्या टोपलीतून. परतीच्या प्रवासात जीपमध्ये आमची मुलं जरा शांतच होती. एकाने विचारलंच, "सर, मग आपला प्रोजेक्टर फुकट गेला का?" त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता हा लेख झाला.

प्रोजेक्टर फुकट गेला का?

नाही, फुकट गेला नाही. कारण टोपलीत न दिसणारी एक गोष्ट पडद्यावर दिसली होती. मूळ मातीत असतं, ते वाढताना कोणाला दिसत नाही. चित्रफितीत चार दिवसांची वाढ दहा सेकंदांत दिसली. गुरुजींनी तो तुकडा पुन्हा लावला, तेव्हा तीच मुलगी पडद्याजवळ जाऊन मुळावर बोट ठेवत होती. तोच तुकडा, पण आता त्याला धरायला तिच्याजवळ काहीतरी होतं. म्हणजे चूक यंत्राची नव्हती, चुकला होता तो क्रम. आम्ही आधी पडदा दाखवला आणि टोपली नंतर आठवली.

हे फक्त तांड्याचं आहे असं समजू नका. आपल्या शहरातलंच बघा. पाण्याचा दाब शिकवायला आपण इंटरनेटवर कुठल्या कुठल्या धरणांची ॲनिमेशन शोधतो. आणि इथे मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवल्यावर, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या जागी शहर उभं केल्यावर, नहर-ए-अंबरीने शहराला पाणी आणलं. पुढच्या काळातल्या पाणचक्कीत डोंगराकडचं पाणी मातीच्या नळांतून येतं, दाबाने उंच भिंतीवर चढतं आणि तिथून खाली पडतं. पंप नाही, वीज नाही. सहलीला आपण तिथे फोटो काढतो, पण दाबाचा धडा मात्र वर्गात स्क्रीनवर पाहतो!

चौकटीत काय असतं?

आता आपल्या विषयाकडे येऊ. पाठ्यपुस्तकावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची चौकट असते, तो क्यूआर कोड. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला, तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. तीन कोपऱ्यांतले तीन मोठे चौकोन कॅमेऱ्याला सांगतात, की कोड कुठे आहे आणि कुठल्या बाजूला फिरलेला आहे. माहितीबरोबर चुका दुरुस्त करणारे जादा अंकही त्यात भरलेले असतात. सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. म्हणून पुस्तकावर हळदीचा डाग पडला तरी काम भागतं.

महाराष्ट्रात हा कोड शाळेशी जोडला गेला, त्यात सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचं नाव सर्वांना माहीत आहे. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झालं. दहा लाख डॉलरच्या त्या रकमेतला अर्धा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना देऊन टाकला. पेपरांत बातमी आली ती क्यूआर कोडची. पण त्यांच्या कामाचं जे वर्णन तेव्हा प्रसिद्ध झालं, त्यात आणखी एक गोष्ट होती. मुलांची घरची भाषा कन्नड, पुस्तकं वेगळ्या भाषेत, म्हणून त्यांनी मजकूर मुलांच्या भाषेत नेला आणि मग त्याला कोड जोडले. आधी भाषा आणि मग चौकट, हा क्रम आपल्या लक्षात राहिला नाही.

कारण कोडमध्ये धडा नसतोच. त्यात असतो फक्त पत्ता. सर्वांत मोठ्या कोडमध्येही जेमतेम २,९५३ बाइट मावतात. धडा असतो दूर कुठल्यातरी सर्व्हरवर. केंद्र सरकारचं 'दीक्षा' हे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झालं, तेही याच पद्धतीने चालतं. नेटवर्क असेल तर पत्त्यावर जाता येतं, नाहीतर ती चौकट म्हणजे नुसती रांगोळी. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हे फार जणांना कळलं. गुरुजी सांगत होते, "घरात एकच फोन, तो बापाबरोबर कामावर. पोरांना लिंक पाठवू तरी कुणाच्या फोनवर?" त्यांनी मग ओट्यावर चार-चार मुलं बसवून शिकवलं.

याडी आणि आई

तांड्यावरची भाषा गोरमाटी, तिला गोरबोली असंही म्हणतात. तिच्यात आईला 'याडी' म्हणतात, भाकरीला 'बाटी'. सहा वर्षांचं पोर पहिलीत येतं तेव्हा त्याच्यासाठी प्रमाण मराठी जवळजवळ दुसरी भाषा असते. २०११ च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी बोलणारे ३२ लाखांहून जास्त आहेत, पण ते हिंदीच्या रकान्याखाली मोजले गेले. आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत गोरमाटी नाही. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'भाषिणी' प्रकल्पाचा मुख्य भर त्या २२ भाषांवर आहे. आज यंत्रं माणसासारखं बोलायला शिकली आहेत, पण ती शिकतात आधी साठवलेल्या मजकुरावरून. जी भाषा साठवलीच नाही, ती यंत्राला कुठून येणार? अडात नाही तर पोहऱ्यात कुठून येईल?

राज्यघटनेच्या ३५०-क कलमात भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या सोयी द्याव्यात असं म्हटलं आहे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरतं. कागद तयार आहे. तांड्यावर पोचायचं आहे ते सामान.

जगात याला वाटा सापडल्या आहेत. न्यूझीलंडमध्ये माओरी भाषा मुलांच्या तोंडून जायला लागली, तेव्हा १९८२ मध्ये 'कोहांगा रेओ' सुरू झालं. शब्दशः अर्थ 'भाषेचं घरटं'. बालवाडीत आजी-आजोबा येऊन बसायचे आणि मुलांशी फक्त माओरीत बोलायचे. पुढे तिथे स्थायिक झालेल्या सामोआच्या लोकांनीही आपल्या भाषेच्या अशाच बालवाड्या काढल्या. यंत्र नव्हतं, होती फक्त आजी.

आपण काय करू शकतो?

आमच्या मुलांनी दुसऱ्या फेरीत जे केलं ते सांगतो. त्यात अवघड काही नाही, तुम्हीही करू शकता.

रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक घेतला. तो स्वतःच वाय-फाय सोडतो. इंटरनेट लागत नाही, वीज गेली तर पॉवर बँकेवरही काही तास चालतो. त्यात 'कोलिब्री' हे ऑफलाइन शिकण्यासाठीचं मोफत सॉफ्टवेअर टाकलं आणि शेजारी एक साधं फोल्डर ठेवलं, तांड्याचं. क्यूआर कोड छापले, पण त्यांत पत्ता त्या डबीचाच. म्हणजे चौकट आणि धडा एकाच खोलीत आले.

फोल्डरमध्ये काय? तीजेची टोपली कशी भरायची ते सांगणारी एक आजी. बाटी कशी थापायची ते सांगणारी एक याडी. होळीच्या लेंगी गाण्यांतल्या दोन. हिशेब करून पाहा: बोलण्याचा आवाज सेकंदाला १६ किलोबिट वेगाने साठवला तर मिनिटाला १२० किलोबाइट, तासाला साधारण ७ मेगाबाइट. ३२ गिगाबाइटच्या कार्डावर चार हजार तासांहून जास्त बोलणं मावतं. अख्ख्या तांड्याच्या आज्या वर्षभर बोलल्या तरी कार्ड भरणार नाही. आपल्याकडे जागा कमी नाही, ऐकणारे कमी आहेत.

एक पथ्य मात्र पाळा. लिहाल ते युनिकोडमध्येच लिहा. आपल्याच अंकाच्या जुन्या फायली जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्या उघडल्या, की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो. 'तीज' हा शब्द यूटीएफ-८ मध्ये नऊ बाइटचा, पण तो कोठेही उघडा, तीजच राहतो. आपल्या मराठीचा 'ॲ' सुद्धा २००८ मध्ये स्वतंत्र क्रमांक घेऊन तिथे बसला. महाराष्ट्रात गोरमाटी देवनागरीतच लिहिली जाते, त्यामुळे आज एकही नवीन अक्षर बनवायची गरज नाही.

दुसरं पथ्य मला त्या आजीनेच शिकवलं. एका मुलाने तिला 'ढावलो' म्हणायचा आग्रह केला. लग्नात सासरी निघालेली मुलगी रडत रडत जे गाते, ते हे गाणं. आजीने फोन हाताने बाजूला सारला. म्हणाली, "ते लेकीला पाठवताना गातात. मोबाइलवर कुणाला पाठवायचंय?" आम्ही रेकॉर्डिंग बंद केलं. सगळंच साठवायचं नसतं. काय साठवायचं ते ज्याचं आहे त्याला विचारायचं, आणि नाही म्हटलं तर ते नाही. आपल्या शाखेत हे कुठल्याही पेपरला विचारत नाहीत, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

असो. लेख लांबला. जाता जाता एवढंच सांगतो. श्रावणात आम्ही पुन्हा गेलो होतो. शाळेच्या खिडकीत एक छोटी टोपली होती, तळाला भोकं पाडलेली. शेजारच्या भिंतीवर क्यूआर कोड चिकटवलेला. स्कॅन केला, तर त्या तिसरीतल्या, आता चौथीत गेलेल्या मुलीचा आवाज. पहिलीच्या पोरांना ती गोरमाटीत सांगत होती, पाणी किती घालायचं आणि भोकं कशाला पाडायची. मला निम्मंच कळलं. पहिलीच्या पोरांना सगळं कळत होतं.

पुढच्या फेरीला डबी सांभाळायला आणि नव्या तांड्यावर जायला चार-पाच हात हवे आहेत. ज्यांना यायचं असेल त्यांनी संगणक विभागात मला भेटावं. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी चालेल, ऐकता यायला हवं.