दोन बाणांची करामत

व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या एखाद्या मेसेजवर दोन बाण दिसतात. आपण ते पाहतो आणि पुढे सरकतो. पण ते तिथे येतात कसे?

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, ही अफवा मोबाइलवरून आधीच गावोगाव पोचली होती. मंगळवेढ्याकडून आलेल्या, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारलं.

आता सांगा, 'ज्याने त्याने स्वतःला आवर घालावा' हा सल्ला त्या पाच जणांच्या काय कामाचा होता? अफवा पाठवतो एक आणि भोगतो भलताच. बरं, सरकारने नजर ठेवावी म्हणाल, तर हे मेसेज कुलूपबंद. खुद्द कंपनीलाही ते वाचता येत नाहीत!

केंद्र सरकारने कंपनीला खडसावलं. त्याच महिन्यात कंपनीने जाहीर केलं, की भारतात यापुढे मेसेज एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल. पण पाच म्हणजे थोडे का? प्रत्येकाने नव्या पाच जणांना पाठवलं, तर दहाव्या टप्प्यावर आकडा जातो ९७,६५,६२५ वर! आणि प्रत्येकाने एकालाच पाठवलं तर? दहाव्या टप्प्यावरही एकच.

एप्रिल २०२०मध्ये, कोरोनाच्या अफवा उसळल्या तेव्हा, नेमकं हेच केलं गेलं. पाच किंवा जास्त हातांतून आलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला. असे मेसेज ७० टक्क्यांनी घटले, असं कंपनीने सांगितलं. बंदी कुणालाच नव्हती; हवं तर एकेकाला पाठवत बसा. एवढीशी दगदग, आणि केवढा फरक! सरकारी धाक बसला तो बटण घडवणाऱ्याला, दाबणाऱ्याची मोकळीक शाबूत राहिली. मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

पण मेसेज कुलूपबंद, तर हात मोजले कुणी? आपल्याच फोनने! बंद पाकिटाच्या आत प्रत्येक पाठवणारा एकेक रेघ ओढत जातो, असं समजा. मोजणी मेसेजसोबतच, कुलपाच्या आत प्रवास करते. रेघा पुरेशा झाल्या, की दोन बाण उमटतात. वाचलं कुणीच नाही, तरी मोजलं गेलं!

मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला, की मात्र पाकीट कोरं. ती वाट आजही उघडी आहे, आणि तिथे आखडून ठेवायला फॉरवर्डचं बटणही नाही.