वैशाखातला मुक्काम

उन्हाळ्यात माळावर राहायला जायचं म्हटलं की लोक आधी तंबूची चौकशी करतात. कितीला घेतला, कुठल्या कंपनीचा, किती माणसं मावतात. पण दिवसभर त्या तंबूचा काहीच उपयोग नसतो. बंद तंबू भर उन्हात बाहेरच्या हवेपेक्षाही जास्त तापतो. दिवस लिंबाखाली काढायचा आणि तंबू फक्त रात्रीसाठी ठोकायचा, हे एकदा ठरलं की बाकीची कामं आपोआप त्याच्यामागे लागतात.

१ मेची सुट्टी होती. महाराष्ट्र दिन तर खराच, पण १९८१ साली जालना जिल्हाही याच तारखेला झाला. आम्ही दोन-तीन घरची माणसं, लेकरं आणि मित्राची आई, म्हणजे आमच्या काकू, असे सगळे भोकरदन तालुक्यात मित्राच्या माळावर मुक्कामाला गेलो. माळ म्हणजे मुरूम, मध्येच उघडा पडलेला काळा खडक, वाळून पिवळं पडलेलं कुसळी गवत आणि बांधाला चार लिंब. निघालो तेच ऊन कलल्यावर. दुपारी बाराला पोचून सावली शोधत बसण्यात शहाणपण नाही.

जागा निवडायला सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा. कोरड्या ओढ्यातली वाळू सपाट आणि मऊ असते, त्यामुळे तिथंच सगळ्यांची नजर जाते. मेंढ्या घेऊन चाललेले एक मामा आम्हाला तिथं घुटमळताना बघून थांबले. "तंबू काहून खाली लावायलेत, भाऊ? वळीव वर डोंगरात पडतो अन् पाणी इथं येतं." पुढं काही न बोलता ते गेले. खडकावरही लावायचा नाही. बेसॉल्ट दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ते बाहेर टाकत राहतो. ओढ्यापासून उंच, खडकापासून लांब आणि वारा मोकळा येईल असा मुरमाचा तुकडा शेवटी सापडला.

उन्हाळ्यातल्या मुरमात तंबूबरोबर आलेल्या बारीक खुंट्या वाकतात. आम्ही सळईचे हातभर तुकडे नेले होते. जालन्यासारख्या सळयांच्या कारखान्यांच्या शहरात त्यांना काय तोटा! हातोड्यानं तिरक्या ठोकल्या की हलत नाहीत. तंबूचं वरचं कापड बांधलंच नाही, नुसती आतली जाळी उभी केली. वारा आरपार गेला पाहिजे.

पाण्याचा हिशेब मात्र मी कागदावर केला होता. अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत १९१३ साली ५६.७ अंश तापमान नोंदलं गेलं. तिथं जाणाऱ्यांना माणशी दिवसाला किमान चार लिटर पिण्याचं पाणी जवळ ठेवायला सांगतात. आमच्याकडे पारा चाळीस-बेचाळीसचा, तरी आम्ही माणशी दहा लिटर धरलं आणि सगळं घरून भरून नेलं. मे महिन्यात या जिल्ह्यातल्या विहिरीवर पाहुण्यानं घागर लावू नये, असं माझं ठाम मत आहे. २०१२-१३च्या दुष्काळात इथल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या होत्या. ज्यांनी त्या पाहिल्या त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

पाणी गार ठेवायला आमच्याकडे छागळ होती. जाड कापडाची ही पिशवी पूर्वी बैलगाडीला आणि ट्रकला टांगलेली दिसायची. कापडातून पाणी झिरपतं, वाऱ्यावर उडून जातं, आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी तितकं हे काम चोख. कोकणात छागळीचा फारसा उपयोग होणार नाही. मराठवाड्यातल्या वैशाखी दुपारी हवेत ओलावा जवळजवळ नसतोच, म्हणून इथं ती सुरेख चालते. थरच्या वाळवंटाशी आपलं हे कोरड्या हवेचं एक नातं आहे. दुसरं नातं माळढोकाचं. जैसलमेर-बाडमेरमधल्या ३,१६२ चौरस किलोमीटरच्या मरुभूमी राष्ट्रीय उद्यानात आज जो पक्षी तग धरून आहे, तोच दख्खनच्या माळांवरही होता. नान्नजचं अभयारण्य १९७९ साली त्याच्याचसाठी झालं. कागदावर ज्याला पडीक म्हणतात, ते हे गवत त्याचं घर होतं.

चूल वारा पडल्यावरच पेटवली. भोवतीचं गवत हातभर लांबीपर्यंत उपटून, शेजारी पाण्याची बादली ठेवून. काकूंनी भाकरी घरूनच आणल्या होत्या. चुलीवर फक्त पिठलं झालं. ठेचा, कांदा आणि ताक होतंच. लेकरांना तहान लागेपर्यंत थांबायचं नाही, हा काकूंचा नियम. दर थोड्या वेळानं त्या पन्ह्याचा पेला पुढं करत आणि लघवी पिवळी होते का, हेही न लाजता विचारत. उन्हातल्या लेकराची तब्येत ओळखायची याहून सोपी खूण मला माहीत नाही.

अंधार पडल्यावर जांभळ्या प्रकाशाची बॅटरी काढली. अतिनील किरण पडले की विंचू हिरवट निळा चमकतो. दगडाच्या कडेला असा एक लखलखला तेव्हा मुलं आनंदानं ओरडली आणि दोन पावलं मागं सरली. दोन्ही बरोबरच होतं. मग तिथंच त्यांना डॉक्टर हिम्मतराव बावस्करांची गोष्ट सांगितली. याच जिल्ह्यातल्या देहेड गावचा हा मुलगा डॉक्टर होऊन कोकणात गेला. तिथं लाल विंचवाच्या दंशानं माणसं डोळ्यांदेखत जात होती. प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर चालतं, हे त्यांनी दाखवलं. १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं आणि असंख्य जीव वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुलांना मी एवढंच बजावलं, की विंचू चावला तर मंत्र नाही, चिरा नाही, थेट दवाखाना. सगळ्यात जवळचा दवाखाना आम्ही येतानाच बघून ठेवला होता.

चंद्र उशिरा उगवणार होता. दहाच्या पुढं दक्षिणेला, क्षितिजापासून हात लांब करून धरलेल्या मुठीएवढ्या उंचीवर, त्रिशंकू दिसला. जालन्यात घराच्या गच्चीवरून तो धुरात आणि दिव्यांत हरवतो. आग्नेयेला वृश्चिक वर येत होता. मघाशी जमिनीवर पाहिलेला विंचू मुलांनी आभाळात लगेच ओळखला. मध्यरात्रीनंतर हवा इतकी निवली की काकूंनी गोधडी मागितली.

सकाळी आठच्या आत सगळं आवरलं. चुलीच्या राखेवर पाणी ओतलं, हात लावून ती गार झाल्याची खात्री केली, सळया मोजून घेतल्या. गाडीत बसता बसता काकू म्हणाल्या, "पुढल्या खेपी थंडीत या, लेकरांना सोपं जाईल." सोपं जाईल, खरं आहे. पण थंडीत विंचू बिळात असतो आणि संध्याकाळच्या आभाळात त्रिशंकू नसतो. मी पुन्हा वैशाखच म्हणणार आहे, फक्त पाणी आणखी एक कॅन जास्त घेऊन.