परिपथ-आरेखातील पुरवठा-चिन्हे व नियम-तपासणी

ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२ साली आरंभिलेल्या किकॅड या मुक्त आरेखन-प्रणालीत परिपथाचा आरेख पुरा करून विद्यार्थी नियम-तपासणी चालवितो, तेव्हा बहुधा एक दोष हमखास पुढे येतो : वीज घेणाऱ्या पिनेला वीज देणारी कोणतीही पिन जोडलेली नाही. आरेखात तर पुरवठ्याची रेषा स्पष्ट दिसत असते. मग हा दोष कशाचा? याचे उत्तर शोधू लागले असता ही तपासणी नेमके काय पाहते व काय पाहत नाही, याचाही उलगडा होतो.

प्रथम पुरवठा-चिन्हाचा विचार करू. +५ व्होल्ट किंवा ग्राउंड दर्शविणारे चिन्ह हे विजेचा उगम नव्हे. ते केवळ एक नाव होय. एका नावाची चिन्हे आरेखाच्या कोणत्याही पानावर असोत, ती सामान्यतः एकाच जोडणीत गणली जातात. अलीकडील आवृत्त्यांत हे नाव चिन्हाच्या 'व्हॅल्यू' या रकान्यावरून ठरते; जुन्या आवृत्त्यांत ते त्याच्या अदृश्य पिनेच्या नावावरून ठरत असे. चिन्हाची ही पिनही 'वीज घेणारी' याच वर्गातली असते.

आता ७८०५ या व्होल्टता-नियंत्रकाचे उदाहरण घेऊ. कनेक्टरमधून १२ व्होल्ट आत येतात व नियंत्रक त्यांचे ५ व्होल्ट करतो. त्याची निर्गम-पिन 'वीज देणारी' म्हणून नोंदलेली असल्याने ५ व्होल्टच्या जोडणीविषयी तक्रार येत नाही. कनेक्टरच्या पिना मात्र 'पॅसिव्ह', म्हणजे उदासीन, वर्गातल्या; त्यांतून वीज येते हे प्रणालीस कळावे कसे? म्हणून १२ व्होल्ट व ग्राउंड या दोन्ही जोडण्यांवर दोष निघतो. त्यावर उपाय म्हणजे 'पॉवर फ्लॅग' हे चिन्ह. त्याची एकमेव पिन 'वीज देणारी' असते आणि परिपथ-फलकावर त्याचा कोणताही घटक बसत नाही. मार्गात फ्यूज असेल, तर त्याच्यापुढे नवी जोडणी सुरू होते. म्हणून फ्लॅग फ्यूजच्या नियंत्रकाकडील बाजूस लावावा. तोच ७८०५ च्या निर्गमावर लावल्यास वीज देणाऱ्या दोन पिना एकत्र आल्या म्हणून उलट नवाच दोष निघतो.

येथे एक धोका लक्षात घेणे अवश्य आहे. फ्लॅग ही आरेखकाने स्वतःच्या जबाबदारीवर दिलेली ग्वाही असते. समजा, दुसऱ्या पानावर '+५व्ही' ऐवजी 'व्हीसीसी' असे चिन्ह ठेवले गेले. हेतू एकच असला तरी जोडण्या दोन झाल्या, आणि तपासणी पूर्वीचाच दोष दाखविते. तेथेही सवयीने फ्लॅग लावला, तर तक्रार मिटते. पण त्या पानावरील घटक विजेवाचून राहतात. तसेच तपासणीला पिनांचे वर्ग कळतात, व्होल्ट कळत नाहीत. ३.३ व्होल्टच्या घटकास १२ व्होल्ट जोडले तरी ती मौन राहते. स्वतः तयार केलेल्या चिन्हात सर्व पिना 'पॅसिव्ह' नोंदल्यास तिला बोलण्यासारखे फारसे उरतच नाही.

म्हणून फ्लॅग लावण्यापूर्वी 'या जोडणीत वीज कोणत्या मार्गाने येते?' या प्रश्नाचे उत्तर आरेखावर बोट ठेवून देता आले पाहिजे. देता आले, तर फ्लॅग योग्य. न आले, तर दोष आरेखातच आहे. तो कागदावर असताना एका चिन्हाने सुधारतो. फलक तयार होऊन आल्यावर त्यासाठी तारा झाळत बसावे लागते.