कुंडीत सोडा ओतल्याने झाड वाढते का? उणीव वायूची नव्हे, प्रकाशाची

बंगळूरु : घरातील किंवा कार्यालयातील कुंड्यांना साध्या पाण्याऐवजी सोडा घातल्यास झाडांना जादा कार्बन डायऑक्साइड मिळतो आणि ती जोमाने वाढतात, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. या समजामागील विज्ञान पूर्णतः खोटे नाही. मात्र खोलीतील झाडांना या वायूची उणीव क्वचितच भासते, हे साध्या हिशेबातून स्पष्ट होते. सोड्याऐवजी थेट वायूचा सिलिंडर खोलीत आणण्याचा विचार तर माणसांच्याच जिवावर बेतू शकतो.

मुंबई-पुण्याहून कोल्हापूर, बेळगावमार्गे येणारा राष्ट्रीय महामार्ग बंगळूरु शहरात शिरताना पीण्या औद्योगिक क्षेत्रातून जातो. सत्तरच्या दशकात आकाराला आलेल्या या वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग, इलेक्ट्रोप्लेटिंग, तयार कपडे अशा अनेक व्यवसायांचे लहान-मध्यम कारखाने आहेत. वेल्डिंगच्या कामात कार्बन डायऑक्साइड हा नित्य वापराचा वायू आहे. वितळलेल्या धातूला हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजनचा स्पर्श होऊ नये, यासाठी त्याचे आवरण दिले जाते. अशा औद्योगिक वसाहतींतील वातानुकूलित कार्यालयांत मनी प्लांट, स्नेक प्लांट, अरेका पाम यांच्या कुंड्याही असतात. वायू हाताशी आणि त्यावर वाढणारी झाडेही जवळच असल्याने, तो झाडांना का देऊ नये, हा प्रश्न स्वाभाविक ठरतो.

बाटलीतील वायूचा हिशेब

वनस्पती प्रकाशसंश्लेषणासाठी कार्बन डायऑक्साइड प्रामुख्याने पानांवरील पर्णरंध्रांतून घेतात. बाहेरील हवेत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग, म्हणजे ४२० पीपीएम आहे. पुरेसा प्रकाश असताना हे प्रमाण १,००० पीपीएमपर्यंत वाढवल्यास बहुतेक पिकांची वाढ लक्षणीय सुधारते. व्यावसायिक हरितगृहांत हे तंत्र अनेक दशके वापरले जात आहे.

सोड्याच्या एक लिटर पाण्यात साधारण ७ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. म्हणजेच ३०० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे २ ग्रॅम. शांत बसलेली प्रौढ व्यक्ती एवढा वायू जवळपास पाच मिनिटांत उच्छ्वासावाटे बाहेर टाकते. दहा फूट लांब, रुंद व उंच खोलीतील प्रमाण ४२० वरून १,००० पीपीएमवर नेण्यासाठी सुमारे ३० ग्रॅम वायू, म्हणजे अशा पंधरा बाटल्या लागतील. दारे-खिडक्यांच्या फटींतून हवा बदलत राहत असल्याने त्यातील बराचसा वायू तासाभरात निघून जाईल.

शिवाय माणसांचा वावर असलेल्या बंद खोलीत हे प्रमाण आधीच बाहेरच्यापेक्षा अधिक असते. बैठकीच्या वातानुकूलित दालनात ते १,००० पीपीएमच्या वर सहज जाते. म्हणजे जो वायू विकत आणून झाडाला द्यायचा, तो तेथे बसलेली माणसे विनामूल्य देतच असतात.

मुळांना कितपत उपयोग?

सोडा पानांवर नव्हे, तर मातीत ओतला जातो. मुळे व सूक्ष्मजीव यांच्या श्वसनामुळे मातीच्या पोकळ्यांतील हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बाहेरील हवेच्या दहापट किंवा त्याहूनही अधिक असते. मुळांवाटे शोषला जाणारा कार्बन पानांवाटे मिळणाऱ्या कार्बनच्या तुलनेत नगण्य असतो. ताज्या सोड्याचा सामू ४ च्या आसपास असल्याने मातीतील काही खनिजे थोडा काळ अधिक विरघळू शकतात. पण वायू उडून गेल्यावर हा परिणाम ओसरतो.

वायुयुक्त पाण्याच्या सिंचनाविषयीच्या सुमारे शंभर वर्षांतील प्रयोगांचा आढावा १९९३ मध्ये ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात उत्पादनातील सरासरी वाढ सुमारे तीन टक्के आढळली. काही प्रयोगांत वाढ ठळक दिसली, तर काहींत अजिबात दिसली नाही. सोड्याच्या काही प्रकारांत सोडियमचे क्षारही मिसळलेले असतात. ते कुंडीत साचत गेल्यास मुळांना अपाय होतो. साखर व स्वाद असलेली शीतपेये तर बुरशी आणि मुंग्यांना आमंत्रण देतात.

अडीचशे वर्षांपूर्वीचा धडा

कृत्रिम सोडा आणि वनस्पतींचे वायुविज्ञान यांचा उगम योगायोगाने एकाच संशोधकाशी जोडलेला आहे. इंग्लंडमधील लीड्स येथे जोसेफ प्रिस्टली यांनी १७६७ मध्ये बिअरच्या भट्टीतील वायू पाण्यात मिसळून पाहिला व १७७२ मध्ये त्याची कृती प्रसिद्ध केली. मेणबत्ती जळून दूषित झालेली बंदिस्त हवा पुदिन्याच्या रोपामुळे पुन्हा शुद्ध होते, हेही त्यांनी १७७१ मध्ये दाखवले. मात्र हे कार्य केवळ प्रकाशातच आणि केवळ हिरव्या भागांतच घडते, हे १७७९ मध्ये यान इंगेनहाऊझ यांनी सिद्ध केले.

कुंडीतील झाडाबाबतही नेमकी हीच मेख आहे. भर उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. खिडकीपासून दोन-तीन मीटर आत तो बहुधा काहीशे लक्सवर येतो. अशा मंद प्रकाशात झाडाला उपलब्ध कार्बन डायऑक्साइडही पुरता वापरता येत नाही. मग जादा वायूचा उपयोग काय?

जेथे उपाय खरोखर लागू पडतो

पाण्याखालील वनस्पतींची स्थिती वेगळी असते. हवेच्या तुलनेत पाण्यात कार्बन डायऑक्साइड सुमारे दहा हजारपट संथपणे पसरतो. त्यामुळे जलवनस्पती असलेल्या, भरपूर प्रकाशाच्या मत्स्यटाकीत हा वायू लिटरमागे २० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत राखला जातो. तेथेही प्रमाण चुकल्यास मासे गुदमरतात.

नेदरलँड्समध्ये २००५ पासून तेल शुद्धीकरण कारखान्यातून निघणारा वायू नळमार्गाने हरितगृहांना पुरवला जातो. ही हरितगृहे बरीच बंदिस्त असतात. आपल्याकडे तळेगाव दाभाडे परिसरात गुलाब पिकवणाऱ्या पॉलीहाऊससारख्या रचनांत उष्णता बाहेर जाण्यासाठी झडपा उघड्या ठेवाव्या लागतात. तेथे सोडलेला वायू टिकणे अवघड असते.

सिलिंडर खोलीत नको

सोड्याची बाटली फार तर निरुपयोगी ठरेल. सिलिंडरचे तसे नाही. वर उल्लेखिलेल्या खोलीत केवळ एक किलो कार्बन डायऑक्साइड सुटला, तरी त्याचे प्रमाण २०,००० पीपीएमच्या जवळ पोहोचते. वेल्डिंगच्या मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे ३० किलो वायू असतो. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ नुसार आठ तासांच्या कामासाठी ५,००० पीपीएम ही सरासरी मर्यादा होती, तर ४०,००० पीपीएम ही पातळी तत्काळ धोकादायक समजली जाते. हा वायू रंगहीन, गंधहीन आणि हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने तो जमिनीलगत साचतो व गळती चटकन ध्यानात येत नाही. सिलिंडरची साठवण व हाताळणी गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली येते. या नियमांची अंमलबजावणी नागपूर येथे मुख्यालय असलेली पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटना करते.

खोलीतील झाड खुंटले असेल, तर प्रथम कुंडी खिडकीजवळ सरकवावी किंवा वाढीसाठीचा दिवा लावावा. पानांवरील धूळ ओल्या फडक्याने पुसावी, वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे आणि वाढीच्या हंगामात बेताने खत घालावे. तरीही उत्सुकता असल्यास एकाच जातीची, सारख्या आकाराची काही रोपे शेजारी ठेवून निम्म्यांना बिनक्षाराचा, सामान्य तापमानाचा सोडा व उरलेल्यांना साधे पाणी महिनाभर द्यावे. त्यानंतर याच कुंड्या उजेडाच्या जागी हलवून पाहिल्यास झाडांना कशाची उणीव होती, ते उघड होईल.