आळशी वायूचा दिवा

1934 साल. जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठात फ्रेन्झेल आणि शुल्टेस या दोन शास्त्रज्ञांना फोटो झटपट धुऊन हवे होते. त्यांनी डेव्हलपरच्या द्रावात अल्ट्रासाउंड सोडला, म्हणजे आपल्या कानांना ऐकूच येणार नाही इतक्या वरच्या पट्टीतला आवाज. फिल्म बाहेर काढली तर तिच्यावर बारीक बारीक ठिपके! फिल्मवर ठिपका उमटवतो तो प्रकाश. मग बंद अंधारात हा उजेड आला कुठून?

द्रावातल्या बुडबुड्यांतून. आवाजाने चक्क उजेड पाडला होता!

आवाजाची लाट पाण्याला आळीपाळीने ताणते आणि दाबते. ताणलं की बुडबुडे फुगतात, दाबलं की मिटतात. बुडबुडे मिटताना तुम्हीही ऐकले आहेत. चहाचं आधण उकळण्याआधी गुणगुणतं ना? तळाशी झालेले वाफेचे बुडबुडे वरच्या गार पाण्यात जाऊन मिटतात, त्यांचाच तो सूर.

पण हजारो बुडबुड्यांच्या गर्दीत एकाची नाडी कशी तपासायची? 1989च्या सुमारास अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठात फेलिपे गायतान आणि लॉरेन्स क्रम यांनी एकच बुडबुडा पकडला आणि पाण्याने भरलेल्या चंबूच्या मधोमध, नुसत्या आवाजाच्या आधारावर, अडकवून ठेवला. तो दर लाटेला एकदा चमकतो, म्हणजे सेकंदाला वीस-तीस हजार वेळा. आपल्या डोळ्यांना मात्र अंधारात एकच निळसर, स्थिर चांदणी दिसते.

पूर्ण फुगला तरी हा बुडबुडा केसाच्या जाडीएवढाच. तिथून तो असा आत कोसळतो की त्याची त्रिज्या जवळपास शंभरपट घटते. आता हिशेब करा: त्रिज्या शंभरपट कमी, म्हणजे घनफळ दहा लाखपट कमी!

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचं बूड तापतं, कारण दाबलेली हवा गरम होते. इथेही तेच घडतं, फक्त इतक्या वेगात की उष्णतेला बाहेर पळायला सवडच मिळत नाही. 2005 साली इलिनॉय विद्यापीठातल्या फ्लॅनिगन आणि सस्लिक यांनी सल्फ्युरिक आम्लातल्या अशा बुडबुड्याचा प्रकाश तपासला. तापमान निघालं सुमारे 15,000 अंश. सूर्याचा पृष्ठभाग साधारण 5,500 अंशांचा! आणि चंबू? खुशाल हातात धरा.

लखलखाट टिकतो किती? सेकंदाच्या सुमारे दहा अब्जाव्या भागाइतका. एका सेकंदात पृथ्वीला साडेसात फेऱ्या मारू शकणारा प्रकाश तेवढ्या वेळात जेमतेम तीन सेंटिमीटर पुढे सरकतो.

मग पाण्यातल्या बुडबुड्यात जळतं तरी काय? हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन त्या भट्टीत फुटतात, वाफेशी संयोग पावतात आणि पाण्यात विरघळून जातात. कुणाशीच संयोग न पावणारा एकटा मागे उरतो: आर्गॉन. हवेत तो जेमतेम एक टक्का. त्याचं नावच मुळी 'आळशी' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडलंय. बाकीचे कामाला लागून विरून गेले, आणि दिवा लावला तो या आळशाने!

हे सगळं निसर्गाला आधीच जमलेलं होतं. उथळ, उबदार समुद्रांत बोटाएवढी पिस्तूल कोळंबी राहते. ती आपली मोठी नांगी फाडकन मिटते, पाण्याची जोरदार चिळकांडी उडते, तिच्यामागे बुडबुडा तयार होतो आणि लगेच कोसळतो. 2001 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की त्याही क्षणी उजेड पडतो, पण इतका मंद की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. कोळंबीला त्याच्याशी कर्तव्यही नाही. बुडबुडा फुटण्याच्या दणक्याने समोरची शिकार तोवर गारद झालेली असते.