नाच कागदावर कसा उतरवायचा?

गाणे लिहून ठेवता येते. स्वरलिपीत लिहिलेली बंदिश पन्नास वर्षांनीही पेटीवर वाजवून पाहता येते. नाचाचे मात्र तसे नाही. कथक शिकणाऱ्या मुलीच्या वहीत तोडे लिहिलेले असतात. पण तिथे असतात ते बोल आणि मात्रा. अमुक बोलावर हात डोक्यावर होता की छातीशी, हे वहीवरून कळत नाही. ते गुरूच्या अंगात आणि शिष्येच्या डोळ्यांत असते. हा भाग कागदावर आणता येईल का?

आधी अडचण किती मोठी आहे ते मोजून पाहू. खांद्यापासून कोपरापर्यंतचा हात ही एक काठी समजा. खांदा स्थिर ठेवला, तर कोपर एका गोलाच्या पृष्ठभागावरच फिरू शकते. पृथ्वीवरचे ठिकाण आपण अक्षांश आणि रेखांश या दोन संख्यांनी सांगतो. तशाच दोन संख्यांनी कोपराची जागा सांगता येईल. शरीराचे असे फक्त १० भाग धरले तरी एका क्षणासाठी २० संख्या झाल्या. चित्रपटाप्रमाणे सेकंदाला २४ क्षण नोंदवले, तर सेकंदाला ४८० आणि पाच मिनिटांच्या नाचाला १,४४,००० संख्या! ही यादी संगणक वाचू शकेल, पण नाचणाऱ्याला तिचा काय उपयोग? तेव्हा नाच लिहिताना खरा प्रश्न ‘काय लिहायचे’ हा नसून ‘काय सोडायचे’ हा आहे.

चित्र किंवा शिल्प काळ सोडून देते. तमिळनाडूत चिदंबरमच्या नटराज मंदिराच्या गोपुरांत नाट्यशास्त्रातील १०८ करणे कोरलेली आहेत. करण म्हणजे हातापायांची एकत्रित हालचाल, पण दगडात तिचा एकच क्षण मावतो. हात तिथे कुठून आला आणि पुढे कुठे गेला, हे अभ्यासकांना ग्रंथाच्या आधाराने आणि तर्काने ठरवावे लागते.

राउल फ्यूइये या फ्रेंच नृत्यशिक्षकाने याच्या उलट निवड केली. त्याने १७०० साली पॅरिसमध्ये नृत्यलेखनाचे पुस्तक काढले. त्याच्या पद्धतीत कागद म्हणजे नाचाची जमीन, आणि आपण ती वरून पाहतो. नर्तक ज्या वाटेने जाईल ती रेषा काढायची. पावलांच्या खुणा तिच्या दोन्ही बाजूंना करायच्या आणि संगीताचे आवर्तन बदलेल तिथे रेषेला छोटा छेद द्यायचा. हातांबद्दल यात फारसे काही नसे, कारण ते कसे धरायचे याचे संकेत दरबारी नाचात ठरलेलेच होते. या पद्धतीने लिहिलेले तीनशेहून अधिक नाच आज उपलब्ध आहेत. फ्यूइयेच्या पुस्तकाच्या नावातील ‘कोरिओग्राफी’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘नृत्यलेखन’ असाच होता. नृत्यरचना हा अर्थ त्याला पुढे चिकटला.

संकेत ठरलेले नसतील, तर मात्र सगळे शरीर लिहावे लागते. रुडॉल्फ लाबान याने १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेली लिपी यासाठी उपयोगी पडते. तीन उभ्या रेषा काढायच्या. मधली रेषा शरीराचे डावे-उजवे भाग वेगळे करते. तिच्या लगतच्या रकान्यांत शरीराचा भार कोणत्या पायावर आहे ते लिहायचे. त्याबाहेर पायांच्या अधांतरी हालचाली, मग धड आणि हात. वाचन खालून वर करायचे. म्हणजे कागदावर ‘वर’ ही नाचणाऱ्याची ‘पुढची’ दिशा होते आणि त्याचा उजवा हात कागदाच्याही उजवीकडेच राहतो.

यातले एकच चिन्ह चार गोष्टी सांगते. रकान्यावरून शरीराचा भाग कळतो. आकारावरून दिशा कळते. आतले भरण पातळी दाखवते: काळे असेल तर खालची, मध्ये ठिपका असेल तर मधली, तिरप्या रेघा असतील तर वरची. चिन्हाची लांबी म्हणजे हालचालीला लागणारा वेळ. आठ दिशा आणि ‘जागच्या जागी’ मिळून नऊ, त्यांच्या प्रत्येकी तीन पातळ्या, म्हणजे एकूण २७. अक्षांश-रेखांशांच्या असंख्य शक्यतांऐवजी २७ मुख्य दिशांवर काम भागते, म्हणूनच ही लिपी माणसाला वाचता येते.

लिहिल्याने खरोखर काय फरक पडतो? वास्लाव निजिन्स्की या रशियन नर्तकाचे दोन बॅले पाहा. ‘वसंतविधी’ २९ मे १९१३ रोजी पॅरिसमध्ये रंगमंचावर आला आणि थोड्याच प्रयोगांनंतर बंद पडला. त्याची नृत्यलिपी कुणी केली नव्हती. व्हॅलेंटाइन ग्रॉस या चित्रकर्तीने प्रेक्षागृहाच्या अंधारात बसून केलेली रेखाटने, संगीताच्या प्रतीवरच्या काही टिपणी आणि लोकांच्या आठवणी एवढ्यावर १९८७ मध्ये अमेरिकेत तो पुन्हा उभा केला गेला. त्यात निजिन्स्की किती आणि नव्याने जोडणाऱ्यांची कल्पना किती, हा वाद आजही आहे. १९१२ चा ‘फॉन’ हा बॅले मात्र त्याने १९१५ मध्ये स्वतः लिहून ठेवला होता. प्रचलित पद्धतीत त्याने आपले बदल केल्यामुळे ते लिखाण अनेक दशके कुणाला वाचता आले नाही. १९८० च्या दशकात ॲन हचिन्सन गेस्ट आणि क्लाउडिया येश्के यांनी ते उलगडले, तेव्हा आठवणीच्या आधारे चालत आलेले प्रयोग मूळ रचनेपासून बरेच सरकलेले आढळले. ‘फॉन’चे प्रयोग होत राहिले होते, आणि तरीही नाच बदलला होता, आठवणीचे असे होते.

आता तर प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे, मग लिपी कशाला? चित्रफितीत एका नर्तकाचा एका दिवसाचा प्रयोग असतो, त्या दिवशीच्या चुकांसकट. वाकलेला गुडघा ही रचना की थकवा, हे चित्रफीत सांगत नाही. लिपीत लिहिणाऱ्याला ते ठरवावेच लागते. उलट, नाचणाऱ्याच्या अंगातली लय चिन्हांत उतरत नाही. म्हणून दोन्ही नोंदी लागतात.

हे वर्गात करून पाहता येईल. लेझमीचा आठ मात्रांचा एक प्रकार निवडा. चौकटीच्या कागदावर डावा हात, डावा पाय, उजवा पाय, उजवा हात असे चार रकाने आखा. एक चौकट म्हणजे एक मात्रा, वाचन खालून वर. चिन्हे मुलांनाच ठरवू द्या. एका गटाने लिहावे, आणि तो प्रकार न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने केवळ कागद वाचून तो करावा. पहिल्या खेपेला बहुधा उजव्या-डाव्याचा घोळ होईल, कारण समोरून पाहणाऱ्याला नाचणाऱ्याचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला दिसतो. कुठे दिशा राहून गेली असेल, कुठे वेळ. प्रत्येक चुकीपाशी थांबून ‘कागदावर काय कमी पडले?’ असे विचारा आणि मुलांना चिन्हांची यादी सुधारू द्या. मापनासाठी निरीक्षणातले काय निवडावे लागते, हे त्यांना या आठ मात्रांतून कळेल.