पिंगुळीची पुढची फळी

मालवणला आलात की किल्ला बघता, मासे खाता. परतताना मुंबई-गोवा महामार्गावर कुडाळजवळ पिंगुळीला थांबा. इथल्या ठाकर आदिवासींच्या घरांत चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. सावंतवाडी संस्थानाचा आश्रय गेला नि कला उघड्यावर पडली.

परशुराम गंगावणे यांनी गोठ्याचंच संग्रहालय केलं: ठाकर आदिवासी कला आंगण. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मला मात्र पुरस्कारापेक्षा मोलाचं वाटतं ते त्यांची मुलं याच कामात उतरली हे.

चित्रकथीत शिकायचं काय असतं? एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातली कथा गात सांगायची. एका कथेची चित्रं म्हणजे एक पोथी. कुठे थांबायचं, कुठला प्रसंग ताणायचा, समोरची माणसं कंटाळली तर काय करायचं, हे सगळं गाणाऱ्यानेच ठरवायचं. पोरांना सभाधीटपणा शिकवायला याहून चांगली शाळा मला तरी माहीत नाही! (अध्यक्षीय भाषणं करणाऱ्यांनीही इथे बसायला हरकत नाही.)

चारचौघांत बोलता येऊ लागलेल्या पोराला पुढे येण्याची दुसरी वाट म्हणजे गावचा कारभार. पालघर-गडचिरोलीतल्या अनुसूचित क्षेत्रांत १९९६ च्या पेसा कायद्यामुळे सरपंचपद आदिवासींसाठी राखीव असतं, ग्रामसभेला जास्त अधिकार मिळतात. पिंगुळी ज्यात येते तो सिंधुदुर्ग जिल्हा पेसाखाली येत नाही. त्यामुळे इथल्या ठाकर तरुणाला पुढे येण्याची वाट बरेचदा कलेतूनच जाते.

जाणार असाल तर आधी फोन करा आणि निदान एक कथा पुरती ऐका. नुसते फोटो काढून पळू नका.